गाळातला ट्रम्पेट

तिसऱ्या दिवशी गाळातून कुत्र्याचा सांगाडा वर आला आणि बागवाल्याने नाकाला रुमाल लावला. त्याआधी सायकलचं रिम निघालं होतं, एक पाय नसलेली खुर्ची निघाली होती, कुणाकुणाच्या चपला. पंधरा वर्षं बंद पडलेली विहीर. ज्याला जे नको ते त्याने तिच्यात टाकलं होतं. यंदा कालव्याला पाणी आलं नाही, बागेतल्या झाडांची पानं वळकटीसारखी गुंडाळायला लागली, तेव्हा बागवाल्याला तिची आठवण झाली.

"हे असलं मला दाखवायला आणू नका," तो रुमालाआडून म्हणाला. "गाळ तुमचा. गाळात जे सापडेल तेही तुमचंच. मला फक्त पाणी दाखवा."

"बरं मालक," पाताळ्या म्हणाला.

पाताळ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो विहिरीत उतरत होता, म्हणून लोकांनी ठेवलेलं. खाली तो खणायचा आणि वर रहाटावर त्याची बायको आणि धाकटा भाऊ. रहाट म्हणजे दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकलेला जाड ओंडका, दोन्ही टोकांना लोखंडी दांडे. एका दांड्यावर ती, दुसऱ्यावर भावजी. ओंडक्यावर दोर गुंडाळला जाई आणि लोखंडी डोल कुरकुरत वर येई. खालून पाताळ्या ओरडायचा, "ओढ!" की ओढायचं. "थांब!" की दांड्याला अडणा घालून थांबायचं. "सोड!" की सोडायचं. वीस वर्षं ती हे तीन शब्द ऐकत आली होती. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं मोठा झाला होता. कपडे शिवताना शिंपी दोनदा माप घ्यायचा आणि दोन्ही वेळा मान हलवायचा.

नवव्या दिवशी दुपारी डोल वर आली ती काळ्या चिखलाने काठोकाठ भरलेली. तिने ती कडेला ओढून उपडी केली. चिखल फतकन पडला आणि त्यातून काहीतरी वाजलं. दगडाचा आवाज नव्हे तो. तिने फावड्याच्या कडेने ढोसलं, मग हाताने चाचपलं. नळी हाताला लागली. नळी वळून परत स्वतःकडेच येत होती. तिने चिखलात कोपरापर्यंत हात घालून ते बाहेर काढलं. एका टोकाला धोत्र्याच्या फुलासारखं तोंड, मध्ये तीन खुंट्या, आणि अंगभर हिरवा गंज.

"वहिनी, ट्रम्पेट आहे हा," भावजी म्हणाला. "बँडवाले वाजवतात तो."

"माहीत आहे मला."

खालून आवाज आला, "काय झोपलात का वर? सोड!"

तिने ट्रम्पेट रहाटाच्या घोड्याला टेकवून ठेवला आणि डोल सोडली. त्या दुपारी तिने आणखी बत्तीस डोल ओढल्या आणि प्रत्येक खेपेला त्याच्याकडे एकदा बघितलं.

ते तिघं बागेच्या टोकाला जुन्या पंपघरात राहत होते. एकच खोली, भिंतीतून बाहेर आलेल्या दोन जाड पाइपांची तोंडं, जमिनीवर वंगणाचे डाग. संध्याकाळी तिने ट्रम्पेट राखेने घासला. राख, मग चिंध्या, मग पुन्हा राख. हिरव्याखालून पिवळं दिसायला लागलं तसा तिचा हात जास्तच जोरात चालायला लागला.

"भंगारात देऊन टाक," पाताळ्या पाय पसरून म्हणाला. अंगठ्याच्या नखाखाली गेलेला चिखल तो काडीने काढत होता.

"नाही देणार."

"मग काय वाजवणार आहेस?"

तिला स्वतःलाच ते अजून ठाऊक नव्हतं. खुंट्या दाबल्या तर हलत नव्हत्या, फुंकलं तर पलीकडून थोडी माती उडाली, एवढंच.

सुट्टीच्या दिवशी ती तांबटाकडे गेली. त्याचं दुकान रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली होतं. आत भाता, ऐरण, आणि फळ्यांवर तळ गेलेली भांडी. म्हातारा तरुणपणी बँडमध्ये होता असं ती ऐकून होती. त्याने ट्रम्पेट हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि नळीवरून अंगठा फिरवला.

"कुणाच्या घरचा?"

"विहिरीतला."

"विहिरीत ट्रम्पेट टाकणाऱ्याचे हात झडोत," तो शांतपणे म्हणाला. "चार दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवतो. चौथ्या दिवशी ये."

चौथ्या दिवशी ती भावजीला घेऊन आली तेव्हा तिन्ही खुंट्या खाली जात होत्या आणि टकटक वर येत होत्या. तांबटाने दोन ठिकाणी डाग देऊन चिरा बुजवल्या होत्या, आतल्या दोन स्प्रिंगा बदलल्या होत्या.

"वाजवून दाखवा ना काका."

त्याने ओठ उचलून बोळकं दाखवलं. "पुढचे दात गेले आणि वाजवणं गेलं. ह्याला दात लागतात. तुझे दाखव."

"मी काय घोडी आहे, दात बघायला?"

"दाखव म्हणतो ना."

तिने दात दाखवले. एकूण एक शाबूत होते.

"मग ऐक. गाल फुगवायचे नाहीत, चूल फुंकतो तसं तर मुळीच नाही. ओठ घट्ट मिटायचे आणि मधमाशी गुणगुणते तसे थरथरवायचे. दम पोटातून आला पाहिजे."

पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा असा आवाज आला की दाराशी उभा असलेला भावजी पोट धरून खाली बसला. तिचे कान तापले. तिने त्याच्याकडे पाठ केली, पाय रोवले, रहाट ओढताना पोटात जो जोर धरते तो धरला आणि पुन्हा फुंकलं. ह्या वेळी आवाज सरळ निघाला. एकच सूर, भरलेला आणि लांब. फळीवरची भांडी थरथरली. रस्त्यावरून जाणारी एक बाई वाकून आत बघायला लागली.

तांबट म्हणाला, "वीस वर्षांत असा दम ऐकला नाही. कुठून आणलास?"

"रहाटावरून," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला राग आला.

त्यानंतर गाळ संपला आणि खडक लागला. काम संथ झालं. पाताळ्या खाली छिन्नी आणि घण घेऊन बसायचा. तासाला चार-पाच डोल दगड वर यायचे. दुपारी जेवणानंतर दोघं भाऊ झाडाखाली आडवे व्हायचे आणि ती गाळाच्या ढिगाऱ्यापलीकडे जाऊन बसायची. आधी एक सूर, मग तीन, मग खुंट्या दाबून पाच-सहा. ओठ सुजले, मग सालं निघाली, मग कडक झाले. तळहात जसे कधीकाळी झाले होते तसेच. तांबटाने दोन-तीन धडे सांगितले, बाकी ती आपली आपण शोधत गेली. रहाटाच्या फिरण्याला एक ठेका होता, दांडा खाली जाताना लांब आणि वर येताना आखूड. तो ठेका तिने त्यात घातला. कुणाचं गाणं नव्हतं ते. कुणी शिकवलेलं नव्हतं. वाजवताना दम किती घ्यायचा, कुठे थांबायचं, कधी सोडायचं हे तीच ठरवत होती, आणि हे कळलं त्या दुपारी ती जेवायचं विसरली.

उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून ती ट्रम्पेट पंपघरातल्या खिळ्याला टांगायची. सकाळी कामाला जाताना एकदा हात लावायची. दमट दिवशी पितळ काळवंडायचं, मग ती ते पुसत बसायची. गार दिवशी सूर जरा खाली बसायचा, म्हणून ती आधी पोटाशी धरून त्याला ऊब द्यायची.

"स्वतःच्या नवऱ्याला कधी इतकी जपली नाहीस," पाताळ्या म्हणाला.

"नवरा खिळ्याला टांगता येत नाही."

भावजी हसला. पाताळ्या नाही हसला.

एके दिवशी बागवाल्याचा मुलगा मोटारसायकलवरून आला. पंचविशीचा, शहरात राहून परत आलेला. ती वाजवत असताना तो ढिगाऱ्याच्या ह्या बाजूला उभा राहिला, मोबाइलने फोटो काढले आणि म्हणाला, "जुना पीस आहे हा. असले आता मिळत नाहीत." तिच्याशी नव्हे, स्वतःशीच. ती वाजवायची थांबली. तो ट्रम्पेटकडे बघत होता. ज्या हातांनी तो धरला होता त्यांच्याकडे त्याने बघितलंही नाही.

त्या आठवड्यात दोर झिजला म्हणून ती नवा आणायला बाजाराला गेली. जाडजूड दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून दुपारी परत आली, वेटोळं जमिनीवर टाकलं आणि सवयीने खिळ्याकडे हात नेला. खिळ्याला नुसता अभ्रा लोंबत होता.

ती तशीच विहिरीवर गेली. पाताळ्या काठावर बसून छिन्नीला धार लावत होता.

"ट्रम्पेट कुठे आहे?"

"दिला."

"कुणाला?"

"मालकाच्या पोराला. भिंतीला लावायचाय म्हणे त्याला. ओढ्यापलीकडच्या शेतातली विहीर आपल्यालाच देतो म्हणाले मालक. अशा वेळी नाही म्हणायचं का?"

"कुणाचा होता तो?"

"घरातलाच होता ना."

"कुणाचा होता?"

"अगं, वस्तू ती!" त्याने छिन्नी दगडावर ओढली. "सापडली होती, गेली. तुला काय त्याची भाकर भाजायची होती? पलीकडची विहीर म्हणजे आणखी सहा महिन्यांचं काम आहे, सहा महिन्यांचं!"

"मला विचारलंत का?"

"तू बाजारात होतीस."

"परत आले नसते का मी?"

भावजी खाली मान घालून दोराचा गुंता सोडवत होता, आणि त्या दोरात एकही गुंता नव्हता.

संध्याकाळी ती एकटी बागवाल्याच्या घरी गेली. पुढच्या दाराने नाही, मागच्या. बागवाल्याच्या बायकोने तिला पायरीवरच उभं केलं. आतून भोकं पाडायच्या मशीनची घरघर येत होती. थोड्या वेळाने बागवाला आला, दारातच टेकून उभा राहिला.

"तुझ्या नवऱ्याने आपल्या हाताने आणून दिलाय. मी काही मागायला आलो नव्हतो."

"तो त्यांचा नव्हता द्यायला."

"मग कुणाचा?" तो हसला. "विहीर माझी ना?"

"गाळ तुमचा, गाळात सापडेल तेही तुमचं, असं तुम्हीच म्हणालात."

"बोलण्याच्या ओघात माणूस काहीही म्हणतो. आणि तुला त्याचं काय करायचंय? बायकांनी वाजवायचं काम आहे का ते?" तो आत वळला आणि बायकोला म्हणाला, "हिला काहीतरी दे."

बायकोने एका पिशवीत झाडाखाली पडलेली फळं भरून आणली. सुरकुतलेली, एका बाजूने काळी पडलेली. ती तिने पायरीवर ठेवली. रहाटवालीने पिशवीकडे बघितलं, बागवाल्याच्या बायकोकडे बघितलं आणि पिशवी तशीच सोडून निघाली. बागेतून जाताना तिला वाटलं, हातात पहार असती तर एकेक झाड मुळापासून उखडलं असतं. मग तिला झाडांची दया आली. तीही तहानलेलीच होती.

सकाळी ती रोजच्यासारखी उठली. चहा केला, डबे भरले. पाताळ्याला वाटलं, वादळ ओसरलं. तो हलकेच शीळ घालत डोलीत पाय टाकून बसला. ती आणि भावजी, दोघांनी त्याला हाताहाताने खाली सोडलं. पन्नास हात. तळाला डोल टेकली, तो उतरला, आणि ओरडला, "ओढ!"

त्यांनी रिकामी डोल वर घेतली. मग तिने दांड्याला अडणा घातला, वरून दगड ठोकून घट्ट बसवला आणि ओंडक्याला पाठ लावून खाली बसली.

"वहिनी?"

"बसा भावजी तुम्हीही. आज सुट्टी आहे."

खालून घणाचे दहा-बारा ठोके आले. मग, "सोड!" थोड्या वेळाने पुन्हा, "सोड! काय झालं?"

ती काठाशी गेली आणि वाकली. खाली तव्याएवढ्या उजेडात त्याचं वर वळलेलं तोंड दिसत होतं.

"काही झालं नाही. आजपासून दगड ओढणार नाही आणि तुलाही ओढणार नाही."

विहिरीने 'तुलाही' हा शब्द तीनदा म्हटला. वीस वर्षांत तिने त्याला अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती. भावजीने डोळे मोठे केले.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते. माझा ट्रम्पेट आण."

"मी खाली आहे! कसा आणू?"

"काल वर होतास. तेव्हा हाताने नेऊन दिलास. तेव्हा कसा गेलास?"

"वेडबिड लागलंय का तुला? धाकट्या, सोड डोल!"

"दादा, एकट्याने नाही ओढवत मला," भावजी ओरडला. त्याने प्रयत्नही केला नव्हता.

मग पाताळ्याने शिव्या दिल्या. तिच्या माहेराला, रहाटाला, बँडवाल्यांच्या सात पिढ्यांना. विहीर सगळं मोठं करून वर पाठवत होती. बागेत काम करणाऱ्या चार बाया विळे हातात घेऊन येऊन उभ्या राहिल्या. तिने शिव्या संपायची वाट बघितली. जेवायची वेळ झाली तेव्हा अडणा काढून डबा आणि पाण्याची बाटली डोलीत ठेवली, भावजीच्या मदतीने ती हळू खाली सोडली आणि रिकामी वर घेऊन अडणा पुन्हा ठोकला.

"जेवायला देतेस आणि वर घेत नाहीस?"

"उपाशी मारायचं नाही मला तुला. विचारायचं आहे. वीस वर्षं तू ओढ म्हटलंस, मी ओढलं. खांदा बघितलास का माझा कधी? ताप असताना ओढलं. पोट पडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ओढलं. एक वस्तू माझी म्हणून घरात आली. एक! ती द्यायला तुला मी बाजारातून येईपर्यंत धीर धरवला नाही?"

काठावरच्या बायांपैकी एकीने डोळ्याला पदर लावला. दुसरी म्हणाली, "बसू दे मेल्याला तिथेच."

दुपारी बागवाला आला. मागून मोटारसायकलवर मुलगा. बागवाल्याने आधी विहिरीत डोकावून विचारलं, "पाणी लागलं का रे?"

"फटीतून ओल येतेय," खालून आवाज आला. "दोन-तीन हात आणखी."

"मग थांबलायत कशाला?"

"तिला विचारा."

बागवाला तिच्याकडे वळलाच नाही. खाली बघून म्हणाला, "बायको आवरत नाही तुला? एवढ्याशा भंगारासाठी माझी बाग वाळवताय? मी बागेतली माणसं बोलावतो, ती ओढतील तुला वर. पण मग ओढ्यापलीकडच्या विहिरीचं नाव काढायचं नाही."

"बाबा, ती तर बोअरवाल्याला दिलीय आपण," मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "परवाच मशीन येऊन गेलं ना."

बागवाल्याने मुलाकडे असं बघितलं की त्याने मोबाइल खिशात घातला.

बागेतले दोन गडी आले. त्यांनी दगड मारून अडणा काढला, डोल सोडली, तळाला टेकू दिली. दोर हलला, कुणीतरी आत बसल्यासारखा ताणला गेला. "ओढ!" असा आवाज आला. गड्यांनी दात-ओठ खाऊन ओढलं. डोल काठाला आली. डोलीत दगड होते. काठोकाठ.

"मी येत नाही," पाताळ्या खालून म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "ट्रम्पेट आणा. तोपर्यंत घणाचा एक ठोका मारणार नाही. दुसरा माणूस उतरवलात तर त्याच्या शेजारी बसून राहीन."

"पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा मालक. त्यांनाही पन्नास हात खाली सोडा."

विळेवाल्या बाया मोठ्याने हसल्या. बागवाला लाल झाला. त्याने बागेकडे बघितलं, गुंडाळलेल्या पानांकडे. दुसरा खणणारा शोधायला आठवडा गेला असता आणि आठवडाभर बाग तगली नसती. तो मुलाला म्हणाला, "जा. आण ते."

अर्ध्या तासाने मुलगा ट्रम्पेट घेऊन आला. चकचकीत पॉलिश केलेला होता. त्याने तो एका हाताने पुढे केला. तिने घेतला, पोटाशी धरला, मग ओठांना लावला. पाय रोवून फुंकलं. हवा गेली. नुसती हवा. कुठून तरी फुस्स आवाज आला. तिने तो उलटा केला. लांब नळीला मधोमध दोन भोकं होती, स्वच्छ गोल, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. भोकांच्या कडेला पितळेचा कीस अजून चिकटलेला होता.

"भिंतीला लावायला स्क्रू बसवावे लागतात," मुलगा म्हणाला. "नाहीतर पडला असता ना."

तिने त्याला मारलं नाही. हे नंतर बायांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, की आम्हाला वाटलं आता तोंड फोडते. ती त्याच्याजवळ गेली आणि ट्रम्पेट त्याच्या नाकासमोर धरला.

"हा वाजतो, माहीत होतं का तुला?"

"हो... म्हणजे, ऐकला होता मी."

"ऐकला होतास. तरी भोकं पाडलीस." ती बागवाल्याकडे वळली. "दिला तेव्हा ह्याला भोकं नव्हती. ज्याने पाडली त्याने तांबटाकडे न्यायचा. गडी पाठवून नाही. स्वतः. बुजवून होईपर्यंत तिथे बसायचं. मग ओढते मी रहाट."

"तू मला अटी घालणार?"

"मालक," खालून आवाज आला, "ओल वाढतेय. उशीर नका करू."

तांबटाच्या दुकानात त्या दुपारी बागवाल्याचा मुलगा भात्यावर बसला होता. म्हाताऱ्याने त्याला आल्याआल्या दांडा दाखवला आणि म्हटलं, "माझे हात आता दोन्हीकडे पोचत नाहीत. तू ओढ." पांढऱ्या शर्टावर कोळशाची भुकटी बसत होती. दोनदा तो थांबला आणि दोनदा तांबट ओरडला, "विस्तव झोपला की डाग धरत नाही! ओढ!" दारात येणारे-जाणारे उभे राहून बघत होते. ती एका खोक्यावर बसली होती. त्याची फजिती बघून आपल्याला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. ती फक्त त्या दोन भोकांकडे बघत होती.

पाताळ्या आणि भावजी दुकानाबाहेर उभे होते. बागवाल्याच्या गड्यांनी पाताळ्याला वर काढलं होतं, ह्या वेळी तो मुकाट्याने डोलीत बसला होता. त्याच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं, उगाचच आणलेलं. मांडीपर्यंत चिखल वाळला होता. आत यायची त्याची हिंमत होत नव्हती.

तांबटाने भोकांवर पितळेच्या टिकल्या बसवल्या, डाग दिला, कानशीने घासलं. गार पाण्यात बुडवला तेव्हा चर्र झालं. "वाजव," तो म्हणाला.

तिने वाजवला. आवाज आला. भांडी थरथरली. पण खुंटी न दाबता जो सूर पूर्वी सरळ यायचा तो आता किंचित घोगरा झाला होता, सर्दी झालेल्या माणसासारखा.

"आतून जरा उंचवटा राहिला असेल," तांबट म्हणाला. त्याच्या आवाजात अपराधीपणा होता. "पूर्वीसारखा नाही व्हायचा पोरी. पण वाजेल. जन्मभर वाजेल."

ती उठली. मुलगाही उठला, हात पुसायला काही सापडेना म्हणून पॅन्टला पुसले. "सॉरी," तो पुटपुटला. ती पायऱ्या चढून बाहेर आली.

पंपघराची वाट बागेच्या कुंपणाकडेने जात होती. भावजी मुद्दाम पुढे निघून गेला. ती ट्रम्पेट काखेत धरून चालत होती, पाताळ्या दोन पावलं मागे. ऊन कलत होतं पण जमीन अजून तापलेली होती.

"बसलो ना मी खाली?" बरंच अंतर गेल्यावर तो म्हणाला. "तुझ्यासाठी बसलो."

ती थांबली. "माझ्यासाठी नाही बसलास. सकाळपासून मी विचारत होते तेव्हा शिव्या दिल्यास. पलीकडची विहीर गेल्याचं कळलं तेव्हा बसलास. तुला फसवलं त्याचा राग आला तुला. मला फसवलं त्याचा नाही."

त्याने वेटोळं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. कुंपणाच्या तारेवर एक चिमणी चोच उघडी टाकून धापा टाकत बसली होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

"खरं आहे," शेवटी तो म्हणाला. "विहिरीचंच आलं डोक्यात." मग, शब्द दगडासारखे एकेक उचलून ठेवल्यासारखं, "ते आजचं. पण काल न विचारता दिला, ते चुकलं माझं. खाली बसल्यावर कळलं असं नाही. देताना पण कळत होतं."

"देताना कळत होतं?"

"हो. म्हणून तर तू बाजारात असताना दिला."

तिला वाटलं, हे त्याने सांगायला नको होतं. मग वाटलं, हेच तेवढं खरं बोलला. तिच्या छातीत कालपासून जे पेटलं होतं ते विझलं नाही, पण आता ते तिचं होतं, तिने सांभाळलेलं. ती पुन्हा चालायला लागली.

तो मागून आला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "राग गेला का?"

"नाही."

"कधी जाईल?"

"गेला की सांगेन तुला."

त्याने मान हलवली आणि दोराचं वेटोळं सावरत तिच्या मागून चालत राहिला.